काजव्याचे बालपण

रोहिणी नक्षत्र लागता लागता अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगरात झाडे उजळू लागतात. भंडारदऱ्याच्या धरणाभोवतीची घाटघर, साम्रद, उडदावणे, पांजरे, मुरशेत ही गावे; त्याच तालुक्यातले पुरुषवाडी; तिकडे लोणावळ्याच्या बाजूला राजमाची. वळवाची एखाददुसरी सर पडून गेलेली असते. उकाडा आणि ओल दोन्ही हवेत असतात. अंधार पडून तासभर झाला की एखादा सादडा, हिरडा, बेहडा, नाहीतर उंबर निवडून काजवे त्यावर असे गोळा होतात की झाडाचा आकार केवळ उजेडाने रेखलेला दिसावा. कधी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाट चढत जाते, कधी सगळे झाड एकदम विझते आणि एकदम पेटते. हा सोहळा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पाऊस नीट लागला की संपला.

या वर्षीचा तो आता संपत आला आहे. दोन दिवसांत मृग लागेल. पर्यावरण दिनाची रोपे खड्ड्यांत जाऊन बसली आहेत आणि पुढच्या आठवड्यात शाळा उघडतील. काजवे, मृग आणि शाळा एकाच पंधरवड्यात येतात, म्हणून हे आत्ताच लिहायला हवे.

मे अखेरीस मीही त्या डोंगरात होतो. रात्री साडेनऊच्या सुमारास धरणाकाठच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. जो तो मान वर करून झाडाकडे पाहत होता. कुणी मोबाइलचा उजेड पाडला की मागून कुणीतरी ओरडे, मग थोडा वेळ अंधार आणि पुन्हा ती लाट. लोक खरोखर हरखून गेले होते आणि त्यांचे हरखणे मला खोटे वाटले नाही. परतताना गाडी काढायला गेलो, तेव्हा गावातून सोबतीला आलेला गृहस्थ सहज बोलून गेला की ही जागा पावसाळाभर दलदलीची असते, इथेच गोगलगायी फार. ओढ्याकाठचा तो गवताळ पट्टा चाकांखाली चेपून टणक झाला होता. पंचवीस-तीस गाड्या तिथे उभ्या होत्या. त्यांत एक माझी होती.

घरी येऊन वाचले, जाणत्यांना विचारले आणि ती जागा मनातून हलेना. आपण पाहतो तो काजवा त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर आलेला असतो. पंख फुटलेला काजवा फार तर दोन-तीन आठवडे जगतो. अनेक जातींत तर तो या काळात काही खातही नाही. त्याला एकच काम उरलेले असते, जोडीदार शोधण्याचे. बाकी सगळे आयुष्य, म्हणजे वर्षातले दहा-अकरा महिने, काही जातींत त्याहूनही अधिक काळ, तो अळी म्हणून जमिनीत, पालापाचोळ्याखाली, ओल्या गवताच्या मुळांशी काढतो. मादी ओल्या मातीत अंडी घालते. त्यांतून निघालेली चपटी, खवल्याखवल्यांची, काळपट अळी पावसाळाभर गोगलगायी, शेंबड्या आणि गांडुळे यांची शिकार करते. उन्हाळ्यात मातीतच कोषात जाते आणि वळवाची ओल लागली की पंख घेऊन बाहेर येते. म्हणजे झाडावर दिसतो तो उजेड वर्षभर जमिनीत साठवलेल्या जेवणाचा असतो. आपण पाहायला जातो झाडाकडे, आणि उभे राहतो त्याच्या पाळण्यावर.

ही अळी शिकार कशी करते, हे ज्याने बारकाईने पाहून लिहिले तो झां-आंरी फाब्र फ्रान्समधला शाळामास्तर होता. १८७९ ते १९०७ या काळात त्याने कीटकांवरच्या आपल्या आठवणींचे दहा खंड लिहिले. काजव्याविषयी त्याने टिपले ते असे: हा शिकारी आपल्या बारीक, आकड्यासारख्या जबड्यांनी गोगलगायीला अगदी अलगद चिमटे घेतो. त्या चिमट्यांतून उतरणाऱ्या द्रव्याने गोगलगाय बधिर होते, आणि मग तो तिचे मांस पातळ करून पितो. फाब्रजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. सेरिन्यां गावातला एक खडकाळ, काटेरी जमिनीचा तुकडा त्याने म्हातारपणी विकत घेतला, तो साफ न करता तसाच ठेवला आणि उरलेली साडेतीन दशके तिथे ओणवा होऊन पाहत राहिला. शिकणे म्हणजे काय, याचे इतके साधे उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

आपल्या भाषेने काजव्याला तसे हलकेच लेखले आहे. काजव्याचा उजेड त्याच्या अंगाभोवती, असे आपण म्हणतो, आणि तोंडात बसली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. पण त्या उजेडाची करामत मोठी आहे. शरीरातल्या एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. काजवा ही माशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या कुळातला. जगात त्याच्या दोन हजारांवर जाती माहीत आहेत आणि लुकलुकणाऱ्या प्रत्येक जातीची लय वेगळी. नर उडता उडता आपल्या लयीत खूण करतो, गवतात किंवा पानावर बसलेली मादी ठरावीक अंतराने उत्तर देते. काही जातींत मादीला पंखच नसतात, ती जमिनीवरूनच बोलते. या संभाषणात गाडीचा झोत पडला की उत्तर दिसत नाही. ज्याच्या हातात दोन आठवड्यांचे आयुष्य आहे, त्याची एक रात्र वाया गेली तर ती फार मोठी असते. २०२० मध्ये जगभरच्या काजवा-अभ्यासकांची मते गोळा करून एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात धोक्यांच्या यादीत सर्वांत वर होते अधिवास नष्ट होणे, आणि त्याखालोखाल रात्रीचा कृत्रिम उजेड व कीटकनाशके. या तिहींतला पहिला आणि तिसरा धोका मुख्यतः अळीला आहे, पंखवाल्या काजव्याला नव्हे.

मुद्दा मला इथेच मांडायचा आहे. कीटक वाचवा म्हणताना आपण फुलपाखरू वाचवा, काजवा वाचवा, मधमाशी वाचवा असे म्हणतो. डोळ्यांसमोर पंख असतात. पण बहुतेक कीटकांचे आयुष्य पंखांआधीच खर्ची पडते. तिथे ते कुरूप असतात, लपलेले असतात, केसाळ किंवा लिबलिबीत असतात, आणि आपल्याला त्यांची ओळख नसते. ज्याचे बालपण आपल्याला ओळखता येत नाही त्याला वाचवणार तरी कसे?

अळी हा शब्द मराठी वर्तमानपत्रात कधी येतो ते आठवून पाहा. बोंडअळी, घाटेअळी, उंटअळी, लष्करी अळी, डासअळी. उसाच्या मुळाशी बसलेली हुमणी, भाताचा खोडकिडा. आपल्या शेतकऱ्याने अळ्यांना अचूक नावे दिली आहेत आणि ती सगळी शत्रूंची आहेत. नीलवंत हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये आपण ते जाहीर केले. असे करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, याचा अभिमान योग्यच आहे. पण नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांच्या पानांवर वाढते. तिला वेगळे नाव नाही. ती लिंबाच्या रोपावर दिसली, तर फवारणीच्या पंपाला ती नुसती अळी असते.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. काही वर्षांपूर्वी घराच्या गच्चीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पानांवर पक्ष्यांची विष्ठा पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसू लागले. जवळून पाहिले तर ते ठिपके पाने खात होते. आठवडाभरात त्यांतल्या काही अळ्या हिरव्यागार आणि जाड झाल्या. बोट लावले तर डोक्यामागून एक तांबडे दोनटोकी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडू लागल्या. मी त्या वेचून कागदात गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या. त्याच गच्चीवर दर श्रावणात येणारी काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेली फुलपाखरे त्या वर्षी आली नाहीत, तेव्हा मला वाईट वाटले होते. दोन गोष्टींचा संबंध कळायला मला आणखी एक वर्ष लागले. कॉमन मॉर्मन या फुलपाखराची ती पिल्ले होती आणि ती कढीपत्त्यावरही वाढतात. विष्ठेसारखे दिसणे आणि तो तांबडा काटा ही पक्ष्यांपासून वाचण्याची त्यांची युक्ती. ती पक्ष्यांवर चालली असेल, माझ्यावर चालली नाही.

शहरांत आता फुलपाखरू उद्याने होऊ लागली आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी परदेशी फुलझाडांचे ताटवे असतात. फुलपाखरे येतात, मध पितात, आपण छायाचित्रे काढतो. पण मादीला अंडी घालायची असतात ती विशिष्ट झाडाच्याच पानावर, कारण तिची अळी दुसरे काही खात नाही. प्लेन टायगर या फुलपाखराला रुई लागते. ती रुई आपण तण म्हणून कुंपणाकडेने उपटून टाकतो. म्हणजे मोठ्यांना सरबत आणि पोरांना उपाशी ठेवायचे, अशी ही पाहुणचाराची तऱ्हा आहे. पर्यावरण दिनाला लावायच्या रोपांची यादी करताना नुसते फूल आणि सावली न पाहता या झाडाचे पान कोण खाते, हाही प्रश्न विचारायला हवा. ज्याचे पान कुणीच खात नाही, ते झाड आपल्या डोंगराला उपरेच राहते.

अळीचे बालपण न ओळखल्याने कसा गोंधळ उडतो, त्याचे एक जुने आणि फार सुंदर उदाहरण आपल्या परंपरेतच आहे. भ्रमरकीटन्याय. कुंभारीण नावाची गांधीलमाशी मातीचे घर बांधते, त्यात अळी आणून कोंडते, घराचे तोंड लिंपते आणि काही दिवसांनी त्या घरातून कुंभारीणच बाहेर पडते. आत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण. संतांनी त्यात ध्यानाचा अर्थ पाहिला. ज्याचा अखंड ध्यास घ्यावा, जीव तेच होऊन जातो. तो अर्थ आपल्या ठिकाणी थोरच आहे आणि मला त्यात सर्वांत भावते ते पाहणाऱ्याचे लक्ष. घराच्या वळचणीला चाललेले एवढेसे काम दिवसचे दिवस कुणीतरी पाहिले होते. फक्त मधला भाग बंद घरात घडत होता, म्हणून दिसला नाही. अळीला डंख मारून निपचित करून कुंभारीण त्याच घरात आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते. जे बाहेर पडते ते त्या पिल्लाचे मोठे रूप. इतके नीट पाहणाऱ्या लोकांचे आपण वंशज आहोत. तेवढे मातीचे झाकण उघडायचे राहिले होते, इतकेच.

आज आपण पाहतोही कमी. २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळीची अफवा मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात मोबाइलवरून पसरली. ऊस आणि बांधावरच्या गवतावर दिसणारी, काटेरी केसांची ही अळी सापाइतकी विषारी आहे, चावली की माणूस मरतो, असे सांगितले जात होते. तिच्या केसांच्या स्पर्शाने आग होते, वेदनाही होतात, पण ती जीवघेणी नाही, हे कृषी शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. तोवर लोक शेतात जायला घाबरले होते आणि फवारण्यांचा विचार सुरू झाला होता. साप दिसला की बिनविषारी कोणता आणि विषारी कोणता, हे आता खेड्यापाड्यांतली मुले सांगतात. सर्पमित्रांच्या कित्येक वर्षांच्या खपण्याचे ते फळ आहे. अळीच्या बाबतीत तसे कुणी खपलेले नाही.

शेतकऱ्याची बाजू इथे स्पष्ट मांडली पाहिजे, कारण गच्चीवरच्या कढीपत्त्याचे दुःख आणि कापसाच्या बोंडाचे दुःख एका मापाचे नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. बीटी बियाण्याला ती दाद देईनाशी झाली होती. ती बोंडाच्या आत राहते, त्यामुळे वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतही नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. अळी वाचवा, असे त्या घरात जाऊन कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन की ज्या विषाने माणूस मेला आणि बोंडअळी जगली, त्याने शेतातल्या आणखी कितीतरी जणांना मारले. ढालकिड्याची अळी मावा खाते. दिसायला ती काळी-नारिंगी, काटेरी, मगरीसारखी. तिच्या आईबापाला पाहून हसणारा माणूसही तिला कीड समजून चिरडतो. क्रायसोपा या कीटकाची अळी मावा आणि पिठ्या ढेकूण फस्त करते. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि बोंडअळी जन्मण्याआधीच तिची अळी ते अंडे पोखरते. कृषी विद्यापीठांची ट्रायकोकार्डे याच समजुतीवर उभी आहेत. मित्रकीटक हा शब्द कृषी खात्याने रूढ केला, तो फार चांगला आहे. पण मित्राचा चेहरा शेतकऱ्याला कुणी दाखवला आहे का? औषधाच्या दुकानात मारायच्या किडींची रंगीत भित्तिपत्रके भिंतभर असतात. न मारायच्या अळ्यांचे एखादे तरी तिथे लावले पाहिजे.

पपईचे उदाहरण याहून बोलके आहे. २००८ मध्ये कोइमतूरच्या बाजूला पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. तो बाहेर देशातून आलेला होता आणि दोन वर्षांत तो महाराष्ट्रापर्यंत पसरला. पपई, तुती, आणखी कितीतरी झाडे पांढऱ्या पिठाने माखली. फवारण्या करून शेतकरी थकले. २०१० मध्ये प्वेर्टो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू असलेल्या इवल्या गांधीलमाश्या आणल्या गेल्या, बंगळूरच्या प्रयोगशाळेत तपासून, वाढवून शेतांत सोडल्या, आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात आला. काम कुणी केले? त्या माशीच्या अळीने, ढेकणाच्या पोटात राहून. आणि ते तिला करता आले ते जिथे फवारणी थांबली तिथे.

काजव्यांचा आणि हुमणीचा हंगाम एकच आहे, हे फारसे ध्यानात येत नाही. दोन्ही भुंगेऱ्यांच्या जातीचे, दोघांच्याही अळ्या मातीत. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुलिंब-बाभळीवर जमतात. ऊसपट्ट्यातली गावे त्या वेळी फांद्या हलवून ते खाली पाडतात, गोळा करतात, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. एक मादी मेली की तिची सगळी अंडी टळतात. सगळ्या गावाने मिळून आठ-दहा रात्री हे केले तर त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही आणि त्यात दुसऱ्या कुणाचा बळी जात नाही. कारण इथे माणसाने आपला शत्रू नेमका ओळखलेला असतो, त्याचे झाड, त्याची वेळ, त्याचा प्रवास. मातीत दाणेदार विष मिसळणे सोपे पडते खरे, पण विष हुमणी आणि बाकीच्यांत निवड करत नाही. ज्ञान जितके कमी, तितके विष जास्त लागते.

घोणस अळीची अफवा पसरली त्याच २०२२ मध्ये लातूर-धाराशिव-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवण रातोरात खाल्ली, हेही आठवते. काजव्याच्या अळ्या असत्या तर हे संकट आले नसते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती गोगलगाय आफ्रिकेतून आलेली, मोठी, आणि संख्येने बेसुमार. तरीही गोगलगाय खाणारा जीव ज्या मातीत उरत नाही, त्या मातीत गोगलगायीला मोकळे रान मिळते, इतके तर कुणालाही समजावे.

विदर्भात मात्र अळी लाडाने वाढवणारी माणसे आहेत. भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तसरचा कोसा पिकवतात. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, मुंग्या आणि पाखरे यांच्यापासून दिवसभर राखण करायची, एका झाडाचा पाला संपला की त्यांना दुसऱ्यावर न्यायचे. ही अळी आज खात का नाही, कात टाकणार आहे की आजारी आहे, हे त्यांना पाहताच कळते. त्यांचा ऐन म्हणजेच आमच्या सह्याद्रीतला सादडा. ज्या झाडावर काजवे पाहायला आपण शेकडो मैल जातो, त्याच झाडावर तिकडे एका घराची चूल चालते. अळीला जपणारे हे ज्ञान आपल्या राज्यात आहे. ते शाळेच्या पुस्तकात आलेले मला दिसत नाही.

पुस्तकात असते ते एक चौकोनी चित्र. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू आणि मध्ये बाण. दरवर्षी लाखो मुले ते वहीत काढतात, रंगवतात, परीक्षेत त्याला गुण मिळतात. त्यांतल्या किती मुलांनी कोषातून ओले, चुरगळलेले पंख बाहेर येताना पाहिले असतील? जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि त्याच सुमाराला कढीपत्ता, लिंबू, रुई, एरंड यांच्यावर अंडी पडू लागतात. काचेची एक बरणी, तोंडाला बांधायला मच्छरदाणीचा तुकडा, रोज ताजा पाला आणि तीन-चार आठवडे, इतकेच भांडवल त्याला लागते. सुरवातीला मुले नाक मुरडतील. चौथ्या दिवशी ती पाला आणायला भांडतील. एखादे दिवशी फुलपाखराऐवजी बारीक माशीच बाहेर येईल, आणि मग बाईंनाही पुस्तक उघडावे लागेल. तो दिवस सगळ्यांत मोलाचा. मुलांनी तारीख, वार, पाऊस, अळीची लांबी हे वहीत लिहावे. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराच्या हौशी कीटकप्रेमींच्या मंडळाने १९८९ पासून अभयारण्यांत सापळे लावून उडत्या कीटकांचे नुसते वजन नोंदवून ठेवले होते. २०१७ मध्ये ते आकडे जुळवले, तेव्हा सत्तावीस वर्षांत ते वजन पाऊणपटीहून अधिक घटल्याचे जगाला कळले. त्रेसष्ट ठिकाणांची ती नोंद होती आणि ठिकाणे संरक्षित होती. तिथे लोकांनी आधी मोजून ठेवले होते, म्हणून गेले काय ते कळले. आपल्या मुलांच्या वह्या असे काम करू शकतील. वीस वर्षांनी कुणाला तरी त्यांची गरज पडेल.

बालपण न ओळखण्याचे आणखी एक उदाहरण म्हणून चतुराचेच पाहा ना. भाद्रपदात मैदानावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, हे चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले. इतकासा जीव आणि एवढा समुद्र. पण त्याचे बालपण जाते पावसाने साचलेल्या उथळ डबक्यात, पाण्याखाली, डासांच्या अळ्या खात. दीड-दोन महिन्यांत तो पंख घेऊन निघतो. ते डबके आपण बुजवतो, किंवा त्यात जळके तेल ओततो. आशाताई घरोघर जाऊन हौदांत डासअळी शोधतात, ते आवश्यकच आहे. त्याच वेळी हौद आणि पाणथळ यांतला फरकही गावाला समजला पाहिजे.

काजव्यांच्या गावांत जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. उन्हाळा संपता संपता, भाताची पेरणी व्हायच्या आधी, हातात पैसा नसतो तेव्हा महादेव कोळी आणि ठाकर घरांना या पंधरवड्यात चार पैसे मिळतात. पिठलं-भाकरी, झोपायची सोय, वाट दाखवण्याची मजुरी. तो पैसा त्यांच्या जंगलाचा आहे आणि त्यांच्याच घरात जायला हवा. पण गाड्या गावाच्या अलीकडे, टणक जमिनीवर थांबाव्यात. शेवटचा एक-दोन किलोमीटर पायी, वाटेवरून आणि दिव्याशिवाय. झाडाखालचे गवत तुडवायचे नाही, ओढ्याच्या काठाला पाय लावायचा नाही. वनखात्याने वेळेचे आणि प्रकाशाचे निर्बंध घातले आहेत, त्यांत जमिनीचाही समावेश झाला पाहिजे. आणि खरी राखण तर काजव्यांचा हंगाम सरल्यावर सुरू होते. फाल्गुन-चैत्रात डोंगर उतारांना वणवे लागतात, तेव्हा पालापाचोळ्याखाली कोषात जायच्या तयारीत असलेला पुढच्या मे महिन्याचा काजवा असतो. शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो ती त्याच्या खाचराची एक पट्टी असते. अख्खी डोंगरसोंड पेटते ती निष्काळजीपणाने किंवा गवत चांगले फुटेल या समजुतीने. ज्या गावाने वर्षभर आपल्या उतारावर वणवा लागू दिला नाही, त्या गावाला पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशात वाढीव वाटा द्यावा, असे का होऊ नये? तिथे उजेड राखण्याचे काम चैत्रात झालेले असते.

काजव्यांच्या सगळ्या ज्ञात जातींच्या अळ्याही प्रकाशतात, हे मला या वर्षीच समजले. तो उजेड जोडीदारासाठी नसतो. आपण चवीला वाईट आहोत, असे खाऊ पाहणाऱ्याला बजावण्यासाठी तो असतो. लुकलुकत नाही, मंद आणि सलग असतो. म्हणून ठरवले आहे की या आश्विनात, परतीचा पाऊस ओसरला की पुन्हा त्याच जागी जायचे, जिथे माझी गाडी उभी होती. तेव्हा तिथे ना रांग असेल ना मोबाइलचा उजेड. काठाबाहेर उभे राहून डोळे अंधाराला सरावू द्यायचे, आणि मान या वेळी खाली ठेवायची. जमिनीने अजून क्षमा केली असेल, तर गवताच्या मुळाशी कुठेतरी एक हिरवट ठिपका गोगलगायीच्या चंदेरी मागावरून हळूहळू पुढे सरकत असेल.